इन्फिनिटी क्यू ४५ : एका पराभवाची मीमांसा

एखादें यंत्र बाजारांत हरलें म्हणजे तें यंत्रच सदोष असलें पाहिजे, असा निष्कर्ष आपण सहज काढतों. ग्रंथांच्या बाबतींत आपण इतके उतावीळ नसतों. स्वतःच्या काळीं उपेक्षिलेला ग्रंथ पुढील पिढीस मोलाचा वाटूं शकतो, हें आपण आनंदानें मान्य करतों. मग हाच न्याय यंत्रांस कां लावूं नये? जपानच्या निस्सान कंपनीनें १९८९ सालीं अमेरिकेंत विक्रीस आणलेली 'इन्फिनिटी क्यू ४५' ही गाडी या प्रश्नाचा विचार करण्यास चांगलें उदाहरण आहे. सामान्य लोक तिला विसरले. परंतु तिचे मूठभर चाहते अजूनही तिची बाजू हिरिरीनें मांडतात. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य किती व माया किती, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम पार्श्वभूमि ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेच्या दडपणामुळें जपाननें १९८१ सालीं, नांवाला स्वेच्छेनें, आपल्या मोटारींच्या निर्यातीवर मर्यादा घालून घेतली. पहिल्या वर्षीं ही मर्यादा १६ लक्ष ८० हजार गाड्यांची होती. संख्या वाढवितां येत नसेल तर गाडीगणिक नफा वाढवावा, हा विचार त्यामुळें बळावला. पुढें १९८५ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलांत पांच राष्ट्रांचा चलनविषयक करार झाला, आणि डॉलरला सुमारें २४० येन हा भाव अडीच वर्षांत १३० च्या आसपास येऊन ठेपला. लहान व स्वस्त गाड्या परदेशीं खपवून निभाव लागण्याचे दिवस सरत आले. होंडानें १९८६ सालीं 'ॲक्युरा' हें निराळें नांव धारण करून पहिलें पाऊल टाकलें. १९८९ च्या सप्टेंबरांत टोयोटाची 'लेक्सस' आली आणि त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरास निस्सानची 'इन्फिनिटी'. श्रीमंतांच्या गाड्या बनविणें ही जर्मनांची मिरासदारी होती. तिच्यावर दोन जपानी घराण्यांनीं दोन महिन्यांच्या अंतरानें चाल केली.

दोघांचें शस्त्र वरवर पाहतां सारखेंच होतें. लेक्सस एलएस ४०० चें इंजिन चार लिटरचें, आठ सिलिंडरांचें व २५० अश्वशक्तीचें. मूळ किंमत ३५,००० डॉलर. क्यू ४५ चें इंजिनही आठ सिलिंडरांचें, पण साडेचार लिटरचें व २७८ अश्वशक्तीचें. किंमत ३८,००० डॉलर. भेद होता तो स्वभावाचा. लेक्ससनें शांतता हें एकच दैवत मानलें होतें. निस्सानमध्यें त्या दशकांत निराळाच ध्यास होता : १९९० पर्यंत रस्ता पकडण्यांत व हातांतील चाकाच्या आज्ञेंत राहण्यांत आपली गाडी जगांत अव्वल ठरावी. स्कायलाइन व प्रिमेरा हीं त्या ध्यासाचीं प्रसिद्ध फळें; क्यू ४५ त्याच वातावरणांत घडली. तिच्या मागच्या चाकांची जोडणी अनेक दांड्यांची होती, व एक चाक घसरूं लागल्यास दुसऱ्याकडे जोर वळविणारी योजना तींत मुळांतच होती. पुढें द्रवाच्या दाबानें गाडीचा झोल आवरणारें 'सक्रिय' सस्पेन्शनही मागणीप्रमाणें मिळूं लागलें. थोडक्यांत, मागें बसणाऱ्या शेटजींपेक्षां पुढें बसून गाडी हांकणाऱ्याचा विचार तींत अधिक होता.

तिचा चेहराही धीट होता. मोठ्या गाडीला मोठी, चकाकती जाळी असलीच पाहिजे हा संकेत तिनें मोडला. जाळीच्या जागीं गुळगुळीत पत्रा व मधोमध कमरपट्ट्याच्या बकलासारखें एक नक्षीदार पदक, एवढाच शृंगार. आंतही लांकडाच्या तकतकीत पट्ट्यांना फांटा दिलेला. जर्मन वैभवाची नक्कल न करतां जपानी साधेपणानें ऐश्वर्य व्यक्त करावें, अशी ही आकांक्षा होती.

परंतु ही गाडी लोकांपुढें आली ती कशी? तिच्या पहिल्या जाहिरातींत गाडीच नव्हती. खडक, झाडें, पाणी, पक्ष्यांचे थवे, आणि वर संथ आवाजांत निसर्ग व सौंदर्य यांवरील चिंतन! गाड्या खपत नसल्या तरी धोंडे व झाडें मात्र हातोहात खपूं लागलीं आहेत, अशी थट्टा त्या काळीं पसरली. उलट लेक्ससनें काय केलें? गाडीच्या बोनेटवर शँपेनच्या पेल्यांचा मनोरा रचला, चाकें जागच्या जागीं भरधाव फिरविलीं आणि एकही पेला ढळत नाहीं हें डोळ्यांना दाखविलें. विक्रींत लेक्सस पुढें गेली ती पुढेंच राहिली.

चाहत्यांचा पहिला दावा असा कीं, गाडी निर्दोष होती, जाहिरातीनें तिचा घात केला. हें अर्धसत्य आहे. जाहिरातीनें कुतूहल पुष्कळ उत्पन्न केलें. तिचा दोष इतकाच कीं, तिनें जें सांगितलें तें गाडींत नव्हतें, व गाडींत जें होतें तें तिनें सांगितलें नाहीं. शब्द ध्यानधारणेचे, चेहरा विरक्तीचा आणि इंजिन शर्यतीच्या घोड्याचें! ग्राहकानें तिघांपैकीं कोणावर विश्वास ठेवावा? लेक्ससचीं सर्व अंगें एकच वाक्य बोलत होतीं.

दुसरा दावा असा कीं, हांकण्याच्या आनंदांत ती त्या काळच्या बव्हेरियन गाड्यांच्या पंक्तीस बसणारी होती. येथें चाहत्यांचें पारडें जड आहे. पहिल्या क्यू ४५ चा जोम व तिची चपळाई तत्कालीन परीक्षकांनींही वाखाणली होती, आणि तीही बरोबरीच्या जर्मन गाड्यांहून पुष्कळ कमी किंमतींत. मात्र याच चाहत्यांतील प्रामाणिक मंडळी एक गोष्ट कबूल करतात. आरंभींच्या इंजिनांत साखळीला आधार देणारे पट्टे प्लॅस्टिकचे होते. कालांतरानें ते तुटत, व वेळीं लक्ष न दिल्यास सबंध इंजिन कामांतून जाई. पुढें हा दोष सुधारण्यांत आला. पण एवढ्या उत्कृष्ट इंजिनाचा जीव एका क्षुद्र पट्टींत अडकलेला असावा, हें त्याच्या जनकांस भूषणावह नाहीं.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें साक्षीदारांविषयींही सावध असलें पाहिजे. तीस वर्षें जी गाडी टिकली तिचाच धनी आज बोलतो. जी दहाव्या वर्षीं भंगारांत गेली तिच्या धन्याची साक्ष कोणी घेत नाहीं. शिवाय पराभूताविषयीं वाटणारी माया म्हणजे न्यायबुद्धि नव्हे. कर्णावर प्रेम करणाऱ्यानेंही तो कोठें चुकला हें पाहिलेंच पाहिजे. तथापि विक्रीचे आंकडे हेही एकांगी साक्षीदारच आहेत. वस्तु घेण्याच्या दिवशीं ग्राहकास काय वाटलें एवढेंच ते सांगतात. ती वर्षानुवर्षें वापरल्यावर काय वाटलें, याची नोंद त्यांत नसते. ती चाहत्यांच्या बोलण्यांतच सांपडते, आणि म्हणून तें बोलणें चाळून घ्यावें, टाकून देऊं नये.

माझ्या मतें खरा पराभव १९८९ सालीं झालाच नाहीं. तो झाला १९९३ च्या सुमारास, जेव्हां १९९४ च्या आवृत्तीसाठीं त्या धीट चेहऱ्यावर एक जाळी बसविण्यांत आली. पुढें १९९७ च्या आवृत्तींत इंजिनही ४.१ लिटरचें झालें. मूळचा चपळपणा मागें पडला आणि गाडी मऊ, सुखासीन व चारचौघींसारखी झाली. २००१ नंतरच्या तिसऱ्या पिढींत साडेचार लिटरचें, ३४० अश्वशक्तीचें इंजिन परत आलें. पण तोंवर नांवाचा दबदबा उरला नव्हता, व २००६ सालीं तें नांवही संपलें. लेक्ससशीं असलेला भेद हेंच जिचें बळ, तिला लेक्ससच्या जवळ नेऊन वांचविण्याचा हा प्रयत्न होता. त्यानें नवे ग्राहक फारसे मिळाले नाहींत, आणि जुने चाहते मात्र दुरावले.

लोकांनीं क्यू ४५ नाकारली, हें खरें. परंतु लोकांचा विचार पुरा होण्यापूर्वींच तिच्या निर्मात्यांनीं तिला नाकारलें, हें अधिक खरें. आज जुन्या क्यू ४५ चा धनी तिच्या बिनजाळीच्या तोंडावरून अभिमानानें फडकें फिरवितो, तेव्हां तो जो विश्वास दाखवितो तो मुळांत तिच्या घडविणाऱ्यांनीं दाखवावयास हवा होता.