जबडे बदलतात, व्हाइस टिकतो

1789च्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या कुलुपांच्या कारखान्यात 18 वर्षांचा हेन्री मॉडस्ले काम मागायला आला. वुलविचच्या शस्त्रागारात तो लहानपणापासून राबलेला; पण रीतसर उमेदवारी केलेली नसल्याने मुकादम त्याला कारागीर मानेना. काम जबड्यांत घट्ट धरणाऱ्या तिथल्याच एका झिजलेल्या व्हाइसकडे बोट दाखवून मॉडस्लेने विचारलं, संध्याकाळी सहाच्या आत हा नव्यासारखा केला तर चालेल का? त्याने जबड्यांना नवं पोलाद चढवलं, कानस मारली, पाणी दिलं आणि वेळेत व्हाइस तयार ठेवला. नोकरी पक्की झाली. चरित्रकार सॅम्युअल स्माइल्सने ही हकिकत लिहून ठेवली आहे. व्हाइस दुरुस्त करून वापरायचा असतो, हे तेव्हाही कारागिरांना ठाऊक होतं.

त्याही आधीपासून युरोपातल्या लोहारांकडे पायाचा व्हाइस होता. त्याचा एक पाय थेट जमिनीवर टेकतो, त्यामुळे हातोड्याचा घाव टेबलाऐवजी जमीन झेलते. पुढचा जबडा खाली खिळीवर फिरतो आणि मागची पट्टीची स्प्रिंग त्याला उघडते. फिरून उघडत असल्याने दोन्ही जबडे एखाद्याच मापाला समांतर येतात. याच्या नटातले आटे कापलेले नसत. स्क्रूच्या खाचेत बसेल अशी लोखंडी पट्टी गुंडाळून ती नळीच्या आत पितळेने झाळत. त्यामुळे प्रत्येक स्क्रूची जोडी त्याच्याच नटाशी जमे. एकाचा दुसऱ्याला चालत नसे.

पुढे मॉडस्लेनेच 1800च्या सुमारास आटे पाडण्याचा अचूक लेथ घडवला. एकसारखे स्क्रू पुन्हापुन्हा बनवणं आवाक्यात आलं. एकोणिसाव्या शतकात ओतकाम स्वस्त झालं, लोखंड सपाट तासणारी यंत्रं आली आणि सरळ रेषेत सरकणारा, जबडे कायम समांतर ठेवणारा बिडाचा व्हाइस घडला. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या शिप्लीत पार्किन्सन कंपनीने त्यात अर्धा नट बसवला. खटका दाबला की नट स्क्रूपासून सुटतो आणि जबडा एका हिसक्यात हवा तिथे सरकतो.

घरच्या वर्कशॉपात वारशाने असे दोन-तीन व्हाइस आले, तर एकही भंगारात देऊ नका. तिन्ही प्रकारांची कामं वेगळी आहेत. ठोकाठोकीला पायाचाच व्हाइस हवा, कारण घडीव लोखंड घाव सोसतं, बीड तडकतं. कानसकामाला आणि करवतीला समांतर जबड्यांचा. सुतारकामात जबडा सारखा मागेपुढे करावा लागतो, तिथे खटक्याचा.

जुना व्हाइस हाती आला की आधी रॉकेलने धुऊन बिडाला तडा गेलाय का ते पाहा, विशेषतः जबड्यांच्या मुळाशी आणि नटाजवळ. तडा नसेल, तर बाकी बहुतेक सगळं सुधारतं. गंज निघतो, स्क्रूला ग्रीस लागतं, जबड्यांच्या पट्ट्या स्क्रू काढून बदलता येतात, झिजलेला नट नवा करून घेता येतो. मऊ धातूचं काम धरताना तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या टोप्या जबड्यांवर चढवा. हँडलला पाइप लावून मात्र कधीच आवळू नका. त्या जादा जोरानेच चांगले व्हाइस फुटतात. एवढं पाळलं, तर आपण वापरून झाल्यावरही तो पुढच्या हातांत द्यायच्या लायकीचा राहील.