वॉकर्टनचं पाणी

मागच्या महिन्यात पोट बिघडलं तेव्हा डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या जोडीला प्रोबायोटिकची कॅप्सूल लिहून दिली. "ही कशाला?" तर म्हणाले, "औषधाने चांगले जंतूपण मरतात, ते परत भरायला." आता मी पडलो इंजिनियर, एवढ्यावर समाधान थोडंच होणार! :-) शनिवारी वाचत बसलो आणि जाऊन पोचलो थेट कॅनडातल्या एका छोट्या गावात.

वॉकर्टन. ऑन्टारियो प्रांत, वस्ती जेमतेम पाच हजार. मे २००० मध्ये तिथे पाच दिवसांत १३४ मिलिमीटर पाऊस कोसळला. जवळच्या शेतातलं शेणखत त्या पाण्याबरोबर झिरपत गावाच्या ५ नंबरच्या उथळ विहिरीत उतरलं आणि खतातले ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू नळाला आले. (शेतकऱ्याची यात काही चूक नव्हती, असं चौकशीत निघालं.) पाण्यात पुरेसं क्लोरीन असतं तर जंतू मेले असते. पण तिथले कर्मचारी क्लोरीन मोजायचेच नाहीत, वहीत ०.५ किंवा ०.७५ असे ठरलेले आकडे लिहून मोकळे व्हायचे. थोडक्यात, खोटे लॉग! पाणी दूषित असल्याचा लॅबचा रिपोर्ट १७ मेला आला, तोही दाबला गेला. अखेर २१ मेला आरोग्य विभागाने स्वतःहून पाणी उकळून प्यायला सांगितलं. ७ जण गेले, २,३०० च्या वर आजारी पडले.

बातमी इथे संपते. खरी गोष्ट पुढे आहे.

दोन वर्षांनी मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. जॉन मार्शल आणि सहकाऱ्यांनी गावातल्या दोन हजारांवर लोकांची पोटं तपासली. प्रश्न होता आयबीएसचा, म्हणजे तपासण्या सगळ्या नॉर्मल, पण पोट दुखतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. त्या मे महिन्यात जे आजारी पडले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण १०.१ टक्के होतं. ज्यांच्या आजाराची वैद्यकीय नोंद होती त्यांच्यात ३६.२! आठ वर्षांनंतरही आजारी पडलेल्यांपैकी १५.४ टक्के लोकांना त्रास होताच. आणि ज्यांना आधीपासून चिंता किंवा नैराश्य होतं, त्यांचा त्रास रेंगाळण्याची शक्यता जास्त होती.

म्हणजे मनाचा पोटावर परिणाम होतो. मग उलटं होत असेल का?

मॅकमास्टरमध्येच प्रेमिस्ल बेरचिक आणि स्टीफन कॉलिन्स यांनी हे उंदरांवर तपासलं. आतड्याला सूज आणली की उंदीर घाबरट व्हायचे, बिफिडोबॅक्टेरियम लाँगम हा जंतू पोटात दिला की पुन्हा सावरायचे. दुसऱ्या एका प्रयोगात व्हेगस नर्व्ह कापली तर हा फायदा दिसेना. (पोटापासून मेंदूपर्यंत गेलेली केबलच ती!) २०१७ मध्ये त्यांनी आयबीएसच्या ४४ रुग्णांना सहा आठवडे हा जंतू किंवा नुसतीच नकली पावडर दिली. नैराश्याचा स्कोअर खऱ्या गटात २२ पैकी १४ जणांचा उतरला, नकली गटात ७ जणांचा. चिंतेत मात्र ठळक फरक नाही.

हुरळून जाऊ नका. ४४ हा आकडा छोटा आहे, पैसा नेस्लेचा होता आणि हे रुग्ण वॉकर्टनच्या साथीतलेही नव्हते. शिवाय एका जातीच्या जंतूचा गुण दुसऱ्या जातीत असेलच असं नाही. दह्याची वाटी किंवा माझी कॅप्सूल तेच काम करेल, असं यातून म्हणता येत नाही. पुरानंतर पहिलं औषध क्लोरीन आणि उकळलेलं पाणी, त्याला पर्याय नाही.

पण एक गोष्ट मला वॉकर्टनने शिकवली. पूर ओसरून वर्ष झाल्यावर कुणी म्हणालं, "पोट अजून ठीक नाही, मनही थाऱ्यावर नाही," तर त्याला "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत तुझ्या" असं सांगून वाटेला लावू नये. असं आपण फार पटकन म्हणतो. मीही म्हणालोय.

असो. कॅप्सूलचा कोर्स मी पूर्ण केला. फरक पडला का? एका माणसावरून काय सांगणार!