शहरातला व्यवसाय कर आणि आपली मजुरी

आपल्यापैकी कुणाची लेक, कुणाचा भाऊ पुण्या-मुंबईत नोकरीला असेल. बऱ्याच जणांच्या पगाराच्या कागदावर 'व्यवसाय कर' म्हणून दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. हा कर का सुरू झाला, हे कापून घेणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं. तो सुरू झाला तुमच्या-आमच्या मजुरीसाठी. आज आम्ही ती हकिगत सांगणार आहोत.

बहात्तरचा दुष्काळ आपण आज्या-सासवांच्या तोंडून ऐकलाय. त्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, सुकडीवर दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पण ही कामं सरकारच्या मर्जीची होती. दुष्काळ जाहीर झाला तर काम निघायचं, पाऊस पडला की बंद व्हायचं. 'मला काम द्या' असं हक्कानं म्हणायची सोय नव्हती.

सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. हात रिकामे आणि काम मागायची तयारी असेल, तर सरकारनं काम दिलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली हा प्रयोग करून पाहिला गेला. १९७२ मध्ये राज्याची रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता रोजचा १ रुपया, म्हणजे अगदी थोडा. तरी मागणी आता विनंती राहिली नाही, तिला कायद्याचा आधार मिळाला.

हमी द्यायची तर पैसा लागतो. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील, सगळ्यांवर हा कर बसला. कारखानदारानं आणि दुकानदारानं नोंदणी करायची, कामगाराच्या पगारातून कर कापायचा आणि सरकारात भरायचा. म्हणजे गावच्या मजुरीसाठी शहरातल्या मालकाच्या हिशेबाच्या वह्या बदलल्या. मोटारगाड्या, विक्रीकर, बागायती जमीन यांवरही जादा आकारणी झाली. आणि या करांतून जितकी रक्कम जमेल, तितकीच सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. त्यातून रोजगार हमीचा निधी उभा राहिला.

आता मजुरीकडे येऊ. रोजगार हमीवर मजुरी कामाच्या मोजमापावर असायची. किती माती खोदली, किती अंतर वाहिली, त्याचा दर दरसूचीत ठरलेला. त्यात बाईचा दर वेगळा आणि गड्याचा वेगळा, असं नव्हतं. शेतात मात्र बाईच्या हातावर गड्यापेक्षा कमी पैसे पडायचे, आजही अनेक गावांत पडतात. म्हणून रोजगार हमीच्या कामांवर बाया मोठ्या संख्येनं आल्या. कामावर पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर असावं, हेही नियमात होतं. जिथं अशी कामं नीट चालली, तिथं शेतमालकाशी बोलताना बाईला 'नाहीतर मी रोजगार हमीवर जाते' एवढं म्हणता आलं.

पण कायद्यानं दर वाढवला की हातात पैसा वाढतोच असं नाही. १९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झालं, तसे रोजगार हमीचे दरही वाढले. त्यानंतर कामांवरची हजेरी घटली. पैसा त्या मानानं वाढला नाही, म्हणून कामंच कमी काढली गेली, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. काम मागणाऱ्या बाईला कुणी 'नाही' म्हणत नव्हतं, फक्त काम जवळपास निघत नव्हतं.

२००५ मध्ये महाराष्ट्राच्या या अनुभवावरून देशाचा रोजगार हमी कायदा झाला. वर्षाला घरटी १०० दिवसांची हमी, कामांवर निदान एक तृतीयांश बाया, मजुरी १५ दिवसांच्या आत. पुढं पैसे मुकादमाच्या हातून न येता बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यात येऊ लागले. त्यासाठी कित्येक जणींचं आयुष्यातलं पहिलं खातं उघडलं. पण याच कायद्याच्या एका कलमानं केंद्र सरकारला किमान वेतन कायदा बाजूला ठेवून मजुरीचा दर ठरवायची मुभा दिली. त्यामुळे शेतमजुराचं किमान वेतन एक आणि हमीची मजुरी दुसरी, असं होऊ शकलं. एका ओळीत एवढी ताकद असते, म्हणून कायदा वाचून घ्यायचा.

कायदे बदलतात, नावं बदलतात. आपण विचारायचे प्रश्न मात्र तेच आहेत. पैसा कुठून येणार? दर कोण ठरवणार? मोजमाप कोण घेणार आणि काम नाही दिलं तर काय? गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. ग्रामपंचायतीकडे सध्याचा मजुरीचा दर विचारा आणि वहीत लिहून ठेवा. काम हवं असेल तर मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्या तारखेपासूनच सरकारचे दिवस मोजले जातात.