महाल, सहल आणि पाहुणे

नगरला पाहुणे आले आणि त्यांच्याबरोबर चिल्लीपिल्ली असली, की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना चांदबीबीच्या महालावर न्यायचे, हा आमच्या घरचा शिरस्ता. शिरस्ता हा शब्दही मोठा गमतीचा आहे. फारसीत ‘सर’ म्हणजे टोक आणि ‘रिश्ता’ म्हणजे कातलेला धागा. ‘सररिश्ता’ म्हणजे धाग्याचे टोक, आणि त्यावरून कामाची ठरलेली रीत. तोच धागा हिंदीत माणसामाणसांत गुंफला गेला आणि ‘रिश्ता’ म्हणजे नाते झाले. तेव्हा कचेरीतला शिरस्तेदार आणि लग्नघरातला रिश्तेदार एकाच चातीवरचे. आमच्याकडे दोन्ही धागे एकत्र येतात, ते असे सुट्टीच्या दिवसांत.

यंदा नाताळात धाकटी बहीण, तिची सून आणि दोन नातवंडे आली होती. नातू सात वर्षांचा, नात चारची. पाथर्डी रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की शाहडोंगरावर ती अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसू लागते. नातवाने पोचल्या पोचल्या कमानींतून दोन फेऱ्या मारल्या, एका झरोक्यात बसून खालच्या गाड्या मोजल्या आणि धापा टाकत येऊन विचारले, “आजोबा, राणी झोपायची कुठं?”

“इथं राणी राहत नव्हती रे. ही कबर आहे. सलाबतखान म्हणून निजामशहाचा कारभारी होता, त्याची.”

“मग महाल का म्हणतात?”

बहिणीने माझ्याकडे पाहिले. आता निदान अर्धा तास हा माणूस डबा उघडू देत नाही, हे तिने ओळखले असावे.

चांदबीबीचे खरे कर्तृत्व खाली शहरातल्या भुईकोटातले. 1595-96 मध्ये अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेने वेढा घातला, तेव्हा तिने तो किल्ला लढवला. डोंगरावरच्या थडग्याशी तिचा संबंध जोडला तो लोकांनी. नगरकरांना आवडती राणी होती आणि लांबून दिसणारी एक देखणी इमारत होती, तेव्हा दोघींची गाठ पडायला वेळ लागला नसावा.

पण मुलाचा प्रश्न ‘महाल’ या शब्दाचा होता, आणि तिथे लोक चुकले असे मला म्हणवत नाही. महाल हा शब्द आपल्याकडे फारसीमार्गे आलेला, मूळचा अरबी ‘महल्ल’. त्याच्या पोटात ह-ल-ल हा धातू आहे, आणि त्याचा जुना अर्थ गाठ सोडणे, उकलणे. वाळवंटातला प्रवासी उंटावरच्या ओझ्याच्या दोऱ्या सोडतो तेव्हा तो उतरतो, मुक्कामाला थांबतो. म्हणून ‘महल्ल’ म्हणजे उतरण्याची जागा. पुढे नुसती जागा, मग मोठ्यांची जागा, मग राजवाडा, असा त्याचा दर्जा वाढत गेलेला दिसतो. त्याचा सख्खा भाऊ ‘मोहल्ला’ मात्र सामान्यांतच राहिला. ‘हलाल’ही याच घरातला: ज्याच्यावरचे बंधन सोडले आहे ते. आपल्याकडे कारभाराच्या भाषेत तालुक्याहून लहान मुलखाला महाल म्हणत आणि त्यावर महालकरी असे, तिथे तर भिंती-छपराचाही पत्ता नाही. तेव्हा जिथे ओझे उतरवायचे तो महाल असे धरले, तर सलाबतखानाची कबर म्हणजे शेवटच्या मुक्कामाचा महाल म्हणायला हरकत नसावी.

काही पंडित महाल शब्द ‘महा + आलय’ असा फोडतात. ती फोड पटण्यासारखी नाही. पण ‘महालय’ म्हणजे आपल्याकडे पितृपक्षातले श्राद्ध, हे लक्षात घेतले तर चुकीची व्युत्पत्तीसुद्धा या एका महालाला चपखल बसते! मुलापुढे हे काही बोललो नाही. “जिथं सामान सोडायचं तो महाल,” एवढेच सांगितले. त्यावर त्याने बहिणीच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि डब्याची गाठ सोडली.

डब्यात दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आमची आई याला शिदोरी म्हणायची. शिदोरी आणि शिधा ही दोन्ही ‘सिद्ध’ची लेकरे दिसतात. सिद्ध म्हणजे तयार झालेले, शिजलेले. शिदोरीने आईबापाचे नाव राखले, ती तयारच असते. शिध्याने मात्र अर्थ साफ उलटा केला, कारण आज आपण शिधा म्हणतो तो न शिजलेला: डाळ, तांदूळ, पीठ, मीठ. शब्दांच्या घरातही एखादे पोर असे निघते.

सहलीचा शब्द तर ‘सहल’ हाच, आणि इतकी वर्षे घोळवूनही तो मला पुरता सुटलेला नाही. अरबी ‘सहल’ म्हणजे सोपे, आणि त्याच्याही आधी सपाट, मऊ, चालायला सुखाची जमीन. उर्दूत तो ‘सोपे’ याच अर्थाने राहिला. मराठीतही पूर्वी ‘सहल’ विशेषण म्हणून ‘सोपे, विनासायास’ या अर्थाने चालत असावा. मग तो फिरायला कधी आणि कसा निघाला? मला दोन वाटा दिसतात. एक अशी, की सोपे ते हलके, हलके ते विनाकामाचे, आणि विनाकामाचे चालणे म्हणजे सहल. दुसरी वाट जरा आडवळणाची. अरबी-फारसीत ‘सैर’ हा फिरण्याचा शब्द होताच. कानाला सैर आणि सहल जवळचे, बोलणाऱ्याला फारसी बेताचीच, तेव्हा सैरेचा अर्थ सहलीच्या अंगावर चढला असावा. शेजारी आपला संस्कृत ‘सहज’ होता. सहज म्हणून बाहेर पडणे आणि सहल म्हणून बाहेर पडणे यांत अंतर ते किती? माझा कौल पहिल्या वाटेला आहे, पण पैज लावणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. दारात पाहुणा आला की अरब म्हणतो, ‘अह्लन व सह्लन’. आज तो नुसता ‘या, बसा’ असा शिष्टाचार आहे. पण जुने व्याकरणकार त्याचा अर्थ लावतात तो असा: तू आपल्याच माणसांत आलास आणि सपाट भुईवर पाऊल ठेवलेस. हा ‘सह्लन’ म्हणजे आपलाच सहल. अरबाने ज्या शब्दाने पाहुण्याला घरात घेतले, त्याच शब्दाने आपण पाहुण्याला घराबाहेर काढतो!

हा शोध मी मोठ्या हौसेने सुनेला सांगितला. तिच्या कडेवर चार वर्षांची नात, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात कुणाची तरी चप्पल. “सहल म्हणजे सोपं?” एवढेच ती म्हणाली. याच धातूपासून अरबीत ‘इसहाल’ असा शब्द होतो, हकिमांच्या तोंडी असलेला, आणि त्याचा अर्थ जुलाब. वाटेतल्या गाड्यावर मुलांनी जे काय खाल्ले होते ते पाहता, तो सांगायची वेळ ही नव्हे हे मला उमगले.

सुट्टीचे मात्र कोडे नाही. सुटणे, सुटका, सुट्टी हे सरळ आहे. हिंदीत ती छुट्टी. हिंदी ‘छ’ तिथे मराठी ‘स’ ही जोडी एकदा कळली की मुलांनाही खेळायला बरी: छुरी-सुरी, मछली-मासळी, पूछना-पुसणे. सुट्टी म्हणजे बंधन सुटणे आणि महाल म्हणजे गाठ सोडायची जागा. म्हणजे सुट्टीत महालावर जाणे ही अर्थाच्या दृष्टीने द्विरुक्तीच झाली. आणि ‘नाताळ’ पोर्तुगीजांकडून आलेला, त्याचा अर्थ नुसता जन्म.

संध्याकाळी एका स्नेह्यांच्या शेतावर हुरडा होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेली कणसे, हातावर चोळून फुंकर मारली की उरलेले हिरवे, वाफाळते दाणे. नातवाला फुंकर जमेना, त्याने निम्मे दाणे तोंडाऐवजी नाकात घातले. हुरड्याच्या खड्ड्याला ‘आगटी’ म्हणतात हे शहरातून आलेल्यांना नवे होते, पण ‘अँगीठी’ माहीत होती. दोघी बहिणी, ‘अग्निष्ठिका’ या संस्कृत शब्दाच्या लेकी. एक घरात शेगडी होऊन बसली, एक शेतात राहिली. हुरडा स्वतः कुठून आला? कन्नडात ‘हुरि’ म्हणजे भाजणे, आणि त्याच कुळातला तमिळ ‘पोरि’. कन्नडात जुना ‘प’ ‘ह’ होतो हा नियम पक्का आहे. ज्वारीच्या या पट्ट्यात, सोलापूरपासून नगरपर्यंत, शब्द कणसाबरोबरच वर सरकला असावा असे मला वाटते.

शेजारच्या बांधावरून एक म्हातारबाबा आले. त्यांनी आम्हाला पाहून विचारले, “कोन गावचं पाव्हणं?” नातू कुजबुजला, “आपण तर यांच्याकडे आलोच नाही. मग आपण पाहुणे कसे?”

पोराने नेमके बोट ठेवले. आमच्याकडे खेड्यात अनोळखी माणूस पाव्हणाच असतो, एस्टीत शेजारी बसलेलासुद्धा. आणि शब्दाचा इतिहासही म्हाताऱ्याच्याच बाजूचा दिसतो. प्राकृतात ‘पाहुण’, संस्कृतात ‘प्राघुण’, ‘प्राघूर्णक’. लघुचे लहू होते, तसाच इथे घ चा ह. गुजरातीने त्याचा ‘परोणो’ केला. ‘घूर्ण्’ म्हणजे गरगर फिरणे, तेव्हा प्राघूर्णक म्हणजे फिरत फिरत आलेला. हा संस्कृत शब्द लोकांच्या बोलण्यातला पाहुणाच कुणी पंडिताने अंघोळ घालून उभा केला असावा, अशीही शंका घेतली जाते, आणि ती मला रास्त वाटते. तिकडे मैथिली-भोजपुरीत ‘पाहुन’ म्हणजे थेट जावई. फिरस्त्यापासून जावयापर्यंत एवढी बढती दुसऱ्या कुठल्या शब्दाला मिळाली असेल?

‘अतिथी’ची कथा आपण शाळेत शिकतो: ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. सुंदर आहे, पण व्याकरणाची परंपरा त्याला ‘अत्’ म्हणजे हिंडणे या धातूकडे नेते. म्हणजे हाही मूळचा भटक्याच. मनुस्मृतीत (3.102) अतिथी म्हणजे एकच रात्र राहणारा. आमचे अतिथी आठ दिवसांचे परतीचे तिकीट काढूनच आले होते, तिथीसह.

दुसऱ्या दिवशी नेवाशाला गेलो. तिथे प्रवरेकाठी बसून शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्यात पाहुणचाराला ‘पाहुणेर’ हा गोड शब्द आहे. दहाव्या अध्यायाच्या आरंभी गुरूंपुढे संकोचून ज्ञानदेव विचारतात, की क्षीरसागराला पाहुणेर कसला करायचा? ज्याच्या घरी दुधाचा समुद्र, त्याच्यापुढे आपण काय वाढणार! हा पाहुणेर पुढे बोलण्यातून गेला. त्याच्या जागी फारसी मेजवानी आली. ‘मेजबान’ म्हणजे यजमान, त्याचा धर्म तो मेजबानी, पण मराठीत यजमान बाजूला राहिला आणि ताट तेवढे उरले. आता मेजवानीचीही पार्टी झाली आहे. हुरड्याचीसुद्धा पार्टीच म्हणतात.

नेवाशाच्या मंदिरात तो दगडी खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात. त्याला पैसाचा खांब म्हणतात. दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’ हे नाव आपल्या पुस्तकाला दिले आणि शब्द पुन्हा जिवंत केला. जुन्या मराठीत ‘पैसणे’ म्हणजे शिरणे, संस्कृत प्रविश्, प्राकृत पइस. पैस म्हणजे शिरायला मोकळी जागा, ऐसपैस मधला तो पैस. हे मी नातवाला जमेल तसे समजावले. रात्री आपण सगळे हॉलमध्ये एका रांगेत झोपलो, तुझे पाय माझ्या पोटावर आले, तेव्हा तुला पैस कमी पडला, इतके सोपे करून.

त्याने लक्ष देऊन ऐकले. मग खिशात हात घातला. सकाळी बहिणीने खाऊला म्हणून दिलेले दहाचे नाणे त्याने बाहेर काढले, खांबाच्या पायथ्याशी ठेवले आणि हात जोडले.

“पैशाचा खांब आहे ना,” तो म्हणाला.

पैसा हा शब्द ‘पादांश’वरून की ‘पदिक’वरून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पैसवरून आला असे आजवर कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. बाहेर पडताना चार वर्षांच्या नातीने ते नाणे उचलून आणल्याचे आम्हाला गाडीत बसल्यावर कळले.