नोकियाला काय ठाऊक नव्हतं? स्मार्टफोनच्या स्पर्धेची दुसरी बाजू

स्मार्टफोनच्या इतिहासाचा विषय निघाला की गोष्ट बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सुरू होते. ९ जानेवारी २००७, सॅन फ्रान्सिस्को. मंचावर स्टीव्ह जॉब्ज, हातात पहिला आयफोन, समोर टाळ्यांचा कडकडाट. मग कोणीतरी विचारतं, तेव्हा जगातली सगळ्यात मोठी फोन कंपनी नोकिया होती, तिचं काय झालं? उत्तर ठरलेलं असतं : ते झोपले होते. आज आपण हे उत्तर जरा तपासून बघणार आहोत. कारण ते बरोबर आहे असं मानलं, तर पुढचा एक महत्त्वाचा प्रश्न आपण विचारतच नाही. तो प्रश्न कोणता, ते शेवटी येईलच.

आधी थोडं मागे जाऊ. फिनलंडच्या नैर्ऋत्येला सालो नावाचं एक लहान गाव आहे. तिथे रेडिओ आणि टीव्ही बनवणारी कंपनी होती, तिच्यातून मोबाइल फोनचं काम वाढलं आणि पुढे ते नोकियाकडे आलं. १९८७ साली मोबिरा सिटीमन नावाचा फोन आला. वजन पाऊण किलोच्या वर! १९८९ साली सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी हेलसिंकीहून मॉस्कोला या फोनवरून बोलणं केलं, त्याचे फोटो छापून आले आणि फिनिश लोकांनी फोनचं नावच 'गोर्बा' ठेवलं. १ जुलै १९९१ रोजी जगातला पहिला जीएसएम कॉल फिनलंडमध्येच झाला. आणि आपल्याकडे? ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो भारतातला पहिला मोबाइल कॉल. हँडसेट नोकियाचा.

आता 'स्मार्ट' फोनकडे येऊ. बोटाने किंवा लेखणीने चालवायचा फोन ही कल्पना आयफोनच्या बरीच आधीची. आयबीएमचा सायमन १९९४ साली अमेरिकेत विकायला आला. त्याला टचस्क्रीन होती, ईमेल होती, कॅलेंडर होतं. पण फोन विटेएवढा, बॅटरी जेमतेम तासभर, किंमत करारासकट ८९९ डॉलर. सुमारे ५०,००० नग विकले गेले आणि विषय संपला. १९९६ साली नोकियाने कम्युनिकेटर आणला : पुस्तकासारखा उघडणारा, आत पूर्ण कीबोर्ड असलेला. आणि हे नीट लक्षात ठेवा, की २००४ साली नोकियाने ७७१० हा जवळजवळ सगळा पडदाच असलेला टचस्क्रीन फोन जाहीर केला होता. म्हणजे आयफोनच्या दोन वर्षं आधी. लेखणी लागायची, पडदा दाबावा लागायचा, फारसा खपला नाही. पण 'टचस्क्रीन सुचलीच नाही' असं मात्र म्हणता येत नाही.

मग घोडं अडलं कुठे?

पहिली गाठ सॉफ्टवेअरची. नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि इंग्लंडची सायन या कंपन्यांनी १९९८ साली सिंबियन काढली. ज्या काळी मेमरी महाग आणि बॅटरी लहान, त्या काळात कमीत कमी मेमरीत, कमीत कमी विजेत काम भागवणारी ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. काटकसर हाच तिचा गुण. पण त्या काटकसरीपायी प्रोग्राम लिहिणाऱ्याला फार कसरत करावी लागे. पुढे मेमरी स्वस्त झाली, चिप वेगवान झाल्या, आणि काटकसरीची किंमत उरली नाही. कसरत मात्र उरली.

दुसरी गाठ मॉडेलांची. नोकियाचे एकाच वेळी डझनावारी फोन बाजारात असत. कोणाला कॅमेरा, कोणाला संगीत, कोणाला कीबोर्ड. प्रत्येकाचा पडदा वेगळा, बटणं वेगळी. ही विविधता म्हणजे नोकियाची ताकद होती. दुकानात गेलं की प्रत्येक खिशाला परवडणारा नोकिया मिळे. पण एकच सॉफ्टवेअर या सगळ्यांवर नीट चालवायचं, तर काम किती पटीने वाढतं बघा.

तिसरी गाठ आपल्या जवळची आहे. २००३ साली नोकिया ११०० आला. धूळ आत जाऊ नये असा कीपॅड, घामट हातातून निसटू नये अशा कडा, आणि वर टॉर्च. हा फोन भारतासारख्या देशांचा विचार करून बनवलेला होता. २५ कोटींहून जास्त विकला गेला. पुढे नोकियाने बाजारभाव, हवामान, शेतीचा सल्ला एसएमएसवर देणारी 'लाइफ टूल्स' नावाची सेवा काढली, आणि तिची चाचणी आपल्या महाराष्ट्रात घेतली. गावातल्या माणसाला काय हवं, याचा इतका विचार करणारी कंपनी झोपलेली कशी म्हणायची? ती जागीच होती. फक्त जिथे तिचा धंदा तेजीत होता, तिकडे तिचं तोंड होतं.

आणि आयफोन बघून त्यांना भीती का वाटली नाही, तेही समजण्यासारखं आहे. पहिल्या आयफोनला थ्रीजी नव्हतं, कॉपी-पेस्ट नव्हतं, बाहेरची ॲप टाकता येत नव्हती. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, तीही दोन वर्षांच्या करारासकट. भारतात ऑगस्ट २००८ मध्ये तो आला तेव्हा सगळ्यात स्वस्त आयफोन ३१,००० रुपयांना होता. त्या वेळी जगात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनपैकी जवळजवळ अर्धे नोकियाचे होते. अशा वेळी कोणत्या संचालकाला घाम फुटला असता?

पण दोन गोष्टी घडल्या. जुलै २००८ मध्ये ॲपलने ॲप स्टोअर उघडलं. आणि त्याच वर्षी गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला. अँड्रॉइडची गंमत अशी, की त्यांचा सुरुवातीचा नमुना ब्लॅकबेरीसारखा, कीबोर्डवाला होता. आयफोन बघितल्यावर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि टचस्क्रीनचा फोन पुढे घेतला. शिवाय हे सॉफ्टवेअर फोन बनवणाऱ्यांना फुकट दिलं. मग सॅमसंग, एचटीसी आणि पुढे आपल्याकडची मायक्रोमॅक्स, सगळ्यांना तयार इंजिन मिळालं.

इथून पुढे स्पर्धेचा नियमच बदलला. आपला आठवडी बाजार आठवा. विक्रेते तिथेच टोपली मांडतात जिथे गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक तिथेच जातं जिथे विक्रेते जास्त. एकदा बाजार एका जागी भरू लागला, की शेजारच्या गावात कितीही चांगला ओटा बांधा, कोणी फिरकत नाही. ॲपचं तसंच झालं. ॲप बनवणारे आयफोन आणि अँड्रॉइडकडे गेले, त्यांच्यामागे लोक गेले. ब्लॅकबेरीचंही हेच झालं. तिचा कीबोर्ड शेवटपर्यंत उत्तमच होता, पण बाजार दुसरीकडे भरत होता.

सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन इलॉप नोकियाचे प्रमुख झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं. समुद्रातल्या पेटलेल्या तेलविहिरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट त्यात होती : जळून मरायचं की बर्फाळ पाण्यात उडी घ्यायची? ते पत्र बाहेर फुटलं. त्याच आठवड्यात नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा रस्ता धरल्याचं जाहीर केलं. आता व्यवहाराच्या दृष्टीने बघा. जुना माल दुकानात आहे, तो आम्ही बंद करणार असं मालकानेच सांगितलं, आणि नवा माल यायला अजून नऊ महिने आहेत. मधल्या काळात जुना माल कोण घेणार? विक्री कोसळली. २०१२ च्या सुरुवातीला सॅमसंग नोकियाच्या पुढे गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरलं, सुमारे ५४४ कोटी युरोंना. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने ७६० कोटी डॉलर बुडीत खाती लिहिले.

आता तो राहिलेला प्रश्न. हे बिल भरलं कोणी?

सालोमध्ये २०१२ साली फोन जोडणीचं काम बंद झालं. जे संशोधनाचं काम उरलं होतं, तेही मायक्रोसॉफ्टने २०१५ साली बंद करायचं जाहीर केलं. ज्या गावाचा संसार एका कंपनीवर चालायचा, त्या गावात बेकारी वाढली.

आणि आपल्याकडे, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदुरला, नोकियाचा जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. २००६ साली सुरू झालेला. भरात असताना तिथे सुमारे आठ हजार कामगार होते, त्यात आसपासच्या गावांतल्या तरुण मुली मोठ्या संख्येने. २०१३ साली आयकर खात्याने सुमारे दोन हजार कोटींची मागणी केली, कारखान्याच्या मालमत्तेवर टाच आली, आणि त्या वादामुळे हा कारखाना मायक्रोसॉफ्टकडे गेलाच नाही. मायक्रोसॉफ्टने तिथून फोन घेणं थांबवलं. १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन बंद पडलं. हजारो कामगारांनी त्याआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. वय पंचविशीतलं आणि हातात निवृत्तीचा कागद. कारखान्याला सुटे भाग पुरवणारे इतर कारखानेही अडचणीत आले. दुसरीकडे, सौद्यानंतर इलॉप यांना कोट्यवधी युरो मिळाले, त्यावर फिनलंडमध्ये मोठी टीका झाली.

कर बुडवला की नाही हा आजचा विषय नाही. पण एवढं दिसतं, की सिंबियन ठेवायचं की सोडायचं हे श्रीपेरुंबुदुरच्या एकाही मुलीला कोणी विचारलं नव्हतं. तिने तिच्या वाटचं काम चोख केलं होतं. फोन चांगले जोडले जात होते, चूक जोडणीत नव्हतीच. 'नोकिया झोपली' असं आपण म्हणतो तेव्हा तिलाही त्यात धरतो.

गोष्ट तिथे संपली नाही. २०१९ साली तो बंद कारखाना साल्कॉम्प या चार्जर बनवणाऱ्या कंपनीने घेतला. साल्कॉम्पचं मूळ कुठलं? सालोचंच. आणि त्याच श्रीपेरुंबुदुरमध्ये आज फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडले जातात. काम परत आलं, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या मुली २०१४ साली घरी गेल्या, त्या आता पस्तिशीच्या पुढे आहेत. नव्या भरतीत त्यांचा नंबर लागतो का, हे विचारायला हवं.

म्हणून एवढीच विनंती. यापुढे कोणत्याही कंपनीच्या जयपराजयाची गोष्ट वाचाल, तेव्हा शोध कोणी लावला हे जरूर बघा. त्याबरोबर निर्णय कोणी घेतला आणि पगार कोणाचा थांबला, ही दोन नावंही शोधा. बहुतेक वेळा ती वेगवेगळी निघतात.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.