पेटंटचा दावा का फेटाळला जातो?

समजा, पेण-रोहा परिसरातल्या रामवाडीत कोणी चुलीच्या उष्णतेवर मोबाइल चार्ज करणारे उपकरण बनवले. ते उत्तम चालते. तरीही त्याचे पेटंट नाकारले जाऊ शकते. कारण उपकरण चालणे पुरेसे नसते. त्यात नवे काय आहे, हे दाखवावे लागते.

उपकरण कसे चालते?
यात अर्धवाहकाचे दोन प्रकारचे तुकडे जोडलेले असतात, बहुधा बिस्मथ टेल्युराइडचे. एक बाजू तापली आणि दुसरी थंड राहिली की वीज तयार होते. यामागचा परिणाम थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये नोंदवला होता.

दावा म्हणजे काय?
अर्जाच्या शेवटी क्रमांक घालून दिलेली विधाने म्हणजे दावे. जमिनीला जशा हद्दीच्या खुणा, तसे शोधाला दावे.

फेटाळण्याची मुख्य कारणे
- नावीन्य नाही: 'उष्णतेतून वीज देणारे अर्धवाहक उपकरण' एवढाच दावा केला, तर ते जगाला आधीच माहीत आहे.
- कल्पकता नाही: केलेला बदल त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचला असता.
- नुसती जुळवाजुळव: माहीत असलेली साधने शेजारी ठेवली, पण प्रत्येक आपापलेच काम करते (पेटंट कायदा १९७०, कलम ३ (एफ)).
- संदिग्धता: दाव्याची हद्दच स्पष्ट नाही.

हळदीचा धडा
जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने जुने लिखित पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते दावे रद्द झाले. आजीच्या बटव्यातली गोष्टही लेखी पुराव्यानेच सिद्ध करावी लागली.

पुढे काय?
महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. परीक्षकाच्या पहिल्या अहवालात आक्षेप आले, म्हणजे सगळे संपले असे नाही. उत्तरासाठी सहा महिने मिळतात. दावा आखूड करता येतो, मात्र मूळ अर्जात नसलेली नवी माहिती घालता येत नाही. अर्ज नाकारला गेल्यास उच्च न्यायालयात अपील करता येते.

रील टाकण्याआधी
अर्जापूर्वी स्वतःच टाकलेला व्हिडिओसुद्धा, मोजके अपवाद सोडता, नावीन्य घालवू शकतो. म्हणून आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करावा. पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात. आधी अर्ज, मग रील.