यात नवीन काय?

गेली कित्येक वर्षं मी एक गुन्हा करत आलोय. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा चार्जर जात नाही, मग वरच्या मोठ्या भोकात टेस्टर खुपसायचा. आत काहीतरी टक् करून सरकतं, खालची भोकं उघडतात आणि चार्जर बसतो. (तुम्हीही करता, लाजू नका.)

ते सरकणारं "काहीतरी" म्हणजे सेफ्टी शटर. अर्थची पिन लांब असते, ती आधी आत शिरते आणि शटर उघडते. पोरानं खिळा घातला तर खालची भोकं बंदच. १९४२ साली, ऐन युद्धात, ब्रिटनमध्ये पुढे बांधायच्या घरांच्या वायरिंगवर विचार करायला एक समिती बसली. तिच्यात बाई एकच, कॅरोलाइन हॅझलेट. १९४४ च्या अहवालात लहान मुलांसाठी सॉकेटला शटर हवं हा मुद्दा आला आणि १९४७ च्या बीएस १३६३ या ब्रिटिश स्टँडर्डमध्ये शटर सक्तीचं झालं. इतक्या लोकांनी डोकं लावून केलेली सोय मी टेस्टरनं मोडतो. असो.

आजचा विषय मात्र या शटरच्या थोरल्या भावाचा आहे.

झालं असं, की गेल्या रविवारी नाशिकला मावसभावाकडे गेलो होतो. दादा अंबडला पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत डिझाइन बघतो. जेवण झाल्यावर त्यानं एक कागद पुढे केला. "तू रोज कसली कसली डॉक्युमेंटं वाचतोस, हे वाच आणि सांग मला."

तो पेटंट ऑफिसचा पहिला परीक्षण अहवाल होता. दादानं एका शटरच्या यंत्रणेचं पेटंट मागितलं होतं.

आधी यंत्रणा समजून घेऊ. कारखान्यातल्या ११ केव्हीच्या पॅनेलमध्ये ब्रेकर चाकांच्या ट्रॉलीवर असतो. दुरुस्तीसाठी ट्रॉली बाहेर ओढली की ब्रेकर सुटा होतो. पण ज्या खाचांमध्ये त्याचे कॉन्टॅक्ट बसले होते त्या खाचा आता उघड्या, आणि त्यांच्या मागचा बसबार अजून जिवंत! म्हणून ट्रॉली मागे सरकली की तिच्याबरोबर फिरणाऱ्या तरफेनं एक पत्रा खाली येतो आणि खाचा झाकतो. बसबारच्या बाजूचं शटर वेगळं, केबलच्या बाजूचं वेगळं, दोघांना कुलूप घालायची सोय.

दादाच्या जुन्या नोकरीत हेच शटर एकदा पडलं नव्हतं. ते नुसतं स्वतःच्या वजनानं पडायचं. आत धूळ आणि घट्ट झालेलं ग्रीस, पत्रा अर्ध्यावर अडकला. ट्रॉली बाहेर आहे म्हणजे पॅनेल मेलंय असं समजून फिटर आत फडकं घेऊन गेला. तो वाचला, पण त्याचे दोन्ही हात परत कामाचे राहिले नाहीत. दादा तेव्हा चार पावलांवर उभा होता. त्यानंतर त्यानं जोडदांडा घालून असं डिझाइन केलं की बाहेर जाणारी ट्रॉलीच शटरला खाली ओढेल, वजनाच्या भरवशावर काही राहणार नाही.

अहवालात परीक्षकानं तीन जुनी पेटंटं दाखवली होती. एकात ट्रॉलीनं ओढलं जाणारं शटर, दुसऱ्यात तसाच जोडदांडा, तिसऱ्यात कुलपाची सोय. या तिन्हींची बेरीज करणं त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं आहे, सबब यात इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही. शिवाय कलम ३(फ): माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिली, तर तो शोध नव्हे. उत्तराला सहा महिने.

दादा म्हणाला, "अरे, हे सगळं जुनं आहे म्हणतो हा. मग माणसं अजून जळतात कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन आठवडाभर रात्री वाचत बसलो. "यात नवीन काय?" हा प्रश्न सरकारी माणसानं विचारायला सुरुवात कधी केली, हेच आधी शोधलं.

आणि तो प्रश्न वाटला होता तेवढा जुना निघाला नाही. भारतात पहिला कायदा १८५६ चा. त्या वर्षी ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या सिव्हिल इंजिनियरनं पंखा ओढायच्या यंत्रासाठी अर्ज केला, तो आपल्याकडचा पहिला. खुद्द इंग्लंडमध्ये परीक्षक आले १८८३ च्या कायद्यानं, पण ते फक्त वर्णन नीट लिहिलंय का एवढंच बघत. म्हणजे कोड कंपाइल होतो का बघायचं, तोच कोड शेजारच्या टीमनं दहा वर्षांपूर्वी लिहिलाय का हे बघायचं नाही. १९०१ साली सर एडवर्ड फ्राय यांच्या समितीनं मंजूर झालेली पेटंटं तपासली, तर शंभरातल्या चाळिसांहून जास्त शोधांचं वर्णन पूर्णपणे किंवा काही अंशी आधीच्या पेटंटांत सापडलं! मग १९०२ चा कायदा आला आणि १९०५ पासून परीक्षक मागच्या पन्नास वर्षांची ब्रिटिश पेटंटं चाळू लागले.

गंमत बघा. त्याच दशकात, इंग्लंडच्या ईशान्येला हेबर्नमध्ये, रेरोल कंपनी आणि हेन्री क्लोदियर हे इंजिनियर धातूच्या बंद पेटीतलं, ब्रेकर बाहेर ओढता येणारं स्विचगिअर घडवत होते. त्याआधी पाटीच्या दगडाच्या किंवा संगमरवराच्या फळीवर तांब्याचे उघडे स्विच असायचे, हात चुकला की संपलं. जिवंत भाग पेटीत गेले. पण बाहेर ओढता येणारी वस्तू आली की मागे भोक राहतं, आणि भोक आलं की झाकण लागतं. दादाचं शटर या घराण्यातलं.

मग मला मिर्झापूरचा खटला सापडला, आणि इथे मी थांबलो.

मिर्झापूर म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. तिथे भांडं लेथच्या हेडस्टॉकला लावून फिरवत घासायचे, चकाकी आणायचे. धोका असा, की फिरतं भांडं सुटून उडायचं आणि कारागिराला लागू शकायचं. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या फर्मच्या एका भागीदारानं दुसऱ्या बाजूनं टोकदार टेलस्टॉकचा आधार दिला. भांडं घट्ट राहिलं, काम जलद झालं, माणूस सुरक्षित झाला. १९५१ पासूनचं पेटंटही मिळालं. गावातल्याच विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या फर्मनं तीच पद्धत वापरली आणि भांडण कोर्टात गेलं. एका न्यायाधीशानं पेटंट रद्द केलं, अपिलात ते परत जिवंत झालं. डिसेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा, कायमचं रद्द केलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: लेथवर वस्तू टेलस्टॉकनं धरणं जुनंच आहे. जुन्या वस्तूवरची सुधारणा ही वर्कशॉपमधल्या नेहमीच्या डागडुजीपेक्षा काही जास्त असली पाहिजे. (तोवर पेटंटची सोळा वर्षांची मुदत केव्हाच उलटली होती, पण आपल्या कोर्टाबद्दल काय बोलावं!) इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या पुढे २००२ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी कायद्यात आली, पण आजही वकील मिर्झापूरचाच दाखला देतात.

पहिल्यांदा वाचताना मला राग आला. सुरक्षितता वाढली हे कोणी नाकारत नव्हतं, तरी पेटंट रद्द? दुसऱ्यांदा वाचताना उलटी बाजू दिसली. पेटंट टिकलं असतं, तर मुदत संपेपर्यंत शेजारच्या कारखान्यातल्या कारागिराला टेलस्टॉकचा आधार परवानगीशिवाय मिळाला नसता. मालकानं पैसे वाचवायला जुनीच पद्धत चालू ठेवली असती आणि भांडं उडत राहिलं असतं. "हे जुनं आहे" याचा दुसरा अर्थ "हे सगळ्यांचं आहे" असा होतो.

खरोखर नवीन काही शोधणाऱ्याला वीस वर्षं मिळावीत, यात वाद नाही. त्या बदल्यात तो सगळं उघड लिहून देतो. परीक्षकानं दादापुढे ठेवलेले ते तीन कागद म्हणजे असंच कोणीतरी कधीतरी लिहून दिलेलं होतं.

शनिवारी दादाला फोन केला. ती तीन पेटंटं तारखेसकट तपासली होती, तिन्हींची मुदत संपलेली. म्हटलं, "दादा, तुझं पेटंट बहुतेक जाईल. पण तुझं शटर कोणी अडवू शकत नाही. उद्यापासून प्रत्येक पॅनेलला लाव."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशीच्या पॅनेललाही लावता आलं असतं."

हो. लावता आलं असतं. माणसं जळतात कशी, याचं उत्तर हे आहे आणि ते कुठल्याही परीक्षण अहवालात येत नाही. यात नवीन काय, हे पेटंट ऑफिस विचारतं. हे जुनं असूनही लावलं का नाही, हे विचारायला मात्र खरेदीच्या टेबलावर कोणी नसतं. तिथे कोटेशनमधला सगळ्यात खालचा आकडा बघतात.

दादा उत्तर देणार आहे. त्याच्या जोडदांड्यात एक छोटा भाग खरंच वेगळा आहे, तेवढ्यापुरता दावा कापून बघणार. मिळालं तर पेढे, नाही तर नाही. पण ड्रॉइंग त्यानं सोमवारीच शॉपमध्ये दिलं.

आणि मी दोन पिनांचा अडॅप्टर आणलाय. दोन वडापावच्या पैशात येतो.